पाळीव अजगर : एका छंदाचा आणि त्याच्या नियमांचा इतिहास

विषारी साप आणि मोठा साप या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि घरात साप पाळण्याच्या छंदाचा इतिहास समजून घेताना हा भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो. जाळीदार अजगर, बर्मी अजगर, आफ्रिकेतील खडकी अजगर, दक्षिण अमेरिकेतील हिरवा ॲनाकोंडा आणि यांच्याहून आकाराने लहान असलेला बोआ कन्स्ट्रिक्टर यांपैकी एकाही सापाला विष नसते. आत वळलेल्या दातांनी भक्ष्य पकडून ठेवायचे आणि क्षणार्धात त्याभोवती विळखे घालायचे, ही त्यांची शिकारीची रीत आहे. विळख्यात सापडलेल्या प्राण्याची हाडे मोडतात किंवा तो श्वास कोंडून मरतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकेत बोआवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी मात्र विळख्याच्या दाबाने काही सेकंदांतच रक्ताभिसरण खुंटते आणि हृदयाची लय बिघडते, असे दाखवून दिले. मोठ्या सापाच्या सुरक्षित संगोपनाचे जवळजवळ सर्व नियम या एका शारीरिक सत्याशी येऊन भिडतात, कारण मदत पोहोचण्यासाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो.

हे नियम कोणत्याही सभेने किंवा ग्रंथाने एकदम घालून दिलेले नाहीत. ते गेल्या दोन शतकांत एकेका अपघातामागून जमत गेले, आणि सापांचा व्यापार प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या पुढे धावत राहिला.

युरोपात मोठे साप आले ते बंदरांच्या वाटेने. पूर्वेकडून आणि दक्षिण अमेरिकेतून परतणाऱ्या जहाजांवरचे खलाशी पोपट, माकडे आणि साप घेऊन येत व लंडनच्या गोदीत विकत. जॉर्ज वूंबवेल हा सोहो भागात पादत्राणे बनवणारा कारागीर. त्याने १८०४च्या सुमारास गोदीवर ७५ पौंडांना दोन बोआ विकत घेतले, ते मद्यगृहांतून पैसे घेऊन दाखवले, आणि थोड्याच काळात मुद्दल वसूल करून वर नफा मिळवला, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. पुढे १८१०मध्ये त्याने स्थापन केलेला फिरता प्राणिसंग्रह इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक ठरला. सिंह-हत्तींच्या त्या वैभवाची सुरुवात दोन सापांनी व्हावी याला व्यवहारी कारण होते. मोठा साप आठवडेच्या आठवडे अन्नावाचून राहू शकतो, आवाज करत नाही आणि पेटीत मावतो, त्यामुळे थोड्या भांडवलाच्या माणसालाही तो परवडत असे. याच गुणांमुळे दीडशे वर्षांनंतर तो शहरातल्या छोट्या सदनिकांतही शिरला.

सुरक्षिततेच्या दृष्टीने पहिली महत्त्वाची नोंद लंडनच्या टॉवरमधील राजेशाही प्राणिसंग्रहातून मिळते. आल्फ्रेड कॉप्स हा त्या संग्रहाचा प्रमुख रक्षक १८२२मध्ये नेमला गेला होता आणि उतरणीला लागलेला संग्रह त्याने पुन्हा नावारूपाला आणला होता. न्यायदंडाधिकारी आणि निसर्गअभ्यासक असलेल्या विल्यम ब्रॉडरिप यांनी बोआ भक्ष्य कसे पकडतो याविषयी १८२६मध्ये एक लेख प्रसिद्ध केला, आणि त्यात कॉप्सवर ओढवलेल्या प्रसंगाचे वर्णन आहे. कॉप्स हाताने एक कोंबडी सापाच्या तोंडापुढे धरत होता. साप कात टाकण्याच्या बेतात असल्याने त्याला जवळजवळ दिसत नव्हते, आणि त्यामुळे त्याची झेप कोंबडीवर न पडता कॉप्सच्या डाव्या अंगठ्यावर पडली. पापणी लवते न लवते तोच सापाने दंडाला आणि मानेला वेढे घातले. मोकळ्या हाताने त्याचे डोके सोडवण्याचा कॉप्सचा प्रयत्न व्यर्थ गेला. दोन साहाय्यक धावत आले आणि त्यांनी सापाचे दात मोडून त्याला सोडवले, म्हणून तो वाचला.

या एका प्रसंगात पुढील दोनशे वर्षांची शिकवण जवळजवळ संपूर्ण सामावलेली आहे. कात टाकण्याआधी सापाच्या जुन्या आणि नव्या त्वचेच्या थरांमध्ये द्रव साचतो, डोळ्यावरचा पारदर्शक खवला दुधाळ होतो आणि काही दिवस साप अंधुक दृष्टीने वावरतो; या काळात त्याला खायला घालू नये आणि हाताळूही नये. अजगरांच्या ओठांवरील खवल्यांत उष्णता ओळखणारे खड्डे असतात, आणि भुकेल्या अजगराला भक्ष्याची ऊब व पोसणाऱ्या हाताची ऊब यांत फरक करणे कठीण जाते. म्हणून भक्ष्य हाताने न देता लांब चिमट्याने द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोठ्या सापाजवळ एकट्याने कधीही जाऊ नये. कॉप्सला आपल्या धंद्याची माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. त्याला वाचवले ते दोन माणसांच्या जवळपास असण्याने. पुढच्या काळात ज्यांच्या घरी असे प्रसंग आले त्यांच्यापैकी पुष्कळांजवळ ही दोन माणसे नव्हती, आणि या इतिहासातील वेदनादायक भाग तोच आहे.

त्या काळी साप जगवणे हीच मोठी अडचण होती. उष्ण प्रदेशातील साप लंडनच्या हिवाळ्यात तगावा म्हणून पेटीखाली गरम पाण्याची भांडी ठेवत आणि सापाभोवती लोकरी पांघरुणे गुंडाळत. रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५०च्या आसपास एका बोआने भक्ष्याबरोबर असे एक पांघरूण संपूर्ण गिळले आणि काही आठवड्यांनी ते ओकून टाकले. साप वासावर आणि उबेवर झडप घालतो, ज्या वस्तूला भक्ष्याचा वास लागला ती वस्तू त्याच्या लेखी भक्ष्यच असते, हे या घटनेने रक्षकांच्या ध्यानात आणून दिले. उंदीर-ससे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय सापाच्या पेटीत हात घालू नये, हा आजचा साधा नियम त्याच निरीक्षणातून निघतो.

उष्णतेसंबंधी खरे ज्ञान पॅरिसमध्ये मिळाले. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना आपल्या शरीराची ऊब देते, असे लामार-पिको या प्रवाशाने १८३२मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीला कळवले होते, पण थंड रक्ताचा समजला जाणारा प्राणी ऊब देतो ही कल्पना विद्वानांना पटली नाही. पॅरिसच्या वनस्पतिउद्यानातील प्राणिसंग्रहात १८४१मध्ये एका मादीने अंडी घातली, तेव्हा आशिल व्हालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यांमध्ये तापमापक ठेवून मोजणी केली आणि लामार-पिकोचे म्हणणे खरे ठरले. ही ऊब स्नायूंच्या ठरावीक आकुंचनातून निर्माण होते आणि भोवतालची हवा थंड झाली की आकुंचनांचा वेग वाढतो, हे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवरून १९६६मध्ये स्पष्ट झाले. पिंजऱ्यातल्या मादीकडे सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी नीट पाहिले गेले आणि एक मोठा जैविक सिद्धान्त हाती आला. बंदिस्त सापांच्या संगोपनाने विज्ञानाला दिलेले हे देणे मोलाचे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९मध्ये केवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी असलेले जगातील पहिले सर्पगृह उघडले. तीनच वर्षांनी, १८५२च्या ऑक्टोबरमध्ये, तेथील एक रक्षक मद्याच्या अमलात नाग हाताळताना दंश होऊन मरण पावला. तो साप विषारी असला तरी या मृत्यूने जी शिस्त अधोरेखित केली ती सर्वच सापांना लागू होती: सापाशी खेळ करायचा नाही, आणि पिंजऱ्याचे दार कोणी, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत उघडायचे हे ठरलेले असले पाहिजे. संस्थांना ही शिस्त लावून घेता येते, कारण तेथे वरिष्ठ असतात, पाळ्या असतात, नोंदवह्या असतात. घरात यांपैकी काहीच नसते.

घरातल्या मोठ्या सापाचे एक प्रसिद्ध उदाहरण व्हिक्टोरियाकालीन लंडनचेच आहे. चेल्सी भागात राहणाऱ्या एका दांपत्याच्या सापांची चर्चा १८७२मध्ये ‘टाइम्स’ या वृत्तपत्रातून झाली, आणि पुढे जॉर्ज रोमानीस यांनी प्राण्यांच्या बुद्धीविषयीच्या आपल्या १८८२च्या ग्रंथात ती हकिकत उद्धृत केली. कपाटातून बोआ, अजगर आणि काही लहान साप बाहेर काढले जात. ते लिहिण्याच्या टेबलावर दौत-लेखण्यांमधून फिरत. मोठे साप यजमानाच्या अंगाभोवती वेढे घालून बसत, आणि घरातील लहान मुलेही बोआला लाडाने अंगाखांद्यावर घेत. रोमानीस यांनी या वर्णनाचा उपयोग सापाला माणसाची ओळख आणि माया असते हे सुचवण्यासाठी केला. ओळखीचा भाग काही अंशी खरा मानता येतो, कारण साप वारंवार हाताळणाऱ्या माणसाच्या वासाला आणि स्पर्शाला सरावतो. मायेच्या बाजूने मात्र पुरावा नाही. सरावलेला साप शांत असतो तो भय ओसरल्यामुळे. भूक किंवा चाहूल यांमुळे त्याची शिकारी प्रतिक्रिया जागी झाली की त्या सरावाचा आधार उरत नाही. चेल्सीच्या त्या घरातील मुलांना काही इजा झाल्याची नोंद नाही, आणि बोआ हा अजगरांच्या मानाने लहान साप आहे हेही खरे. तरीही कुटुंबातल्या बोआचे हे गोड चित्र पुढील पिढ्यांच्या मनात इतके ठसले की टॉवरमधील कॉप्सचा अनुभव त्याच्याखाली झाकला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या रॅटक्लिफ हायवेवरील चार्ल्स जाम्राक आणि हँबुर्गचा कार्ल हागेनबेक यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी जिवंत प्राण्यांची खरेदी-विक्री जगभर पसरवली. ग्रेगरी बेटमन या धर्मोपदेशकाचे घरात सरपटणारे प्राणी पाळण्याविषयीचे सविस्तर पुस्तक १८९७मध्ये निघाले. रेमंड डिटमार्स यांनी किशोरवयात न्यूयॉर्कमधील आईवडिलांच्या घरातच सापांचा संग्रह केला होता. १८९९मध्ये ब्राँक्स प्राणिसंग्रहालय उघडले तेव्हा तेथील सर्पविभागाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि त्यांच्या लोकप्रिय पुस्तकांनी अमेरिकेतील कित्येक मुलांना सापांची गोडी लावली. घरगुती छंदातून शास्त्रज्ञ घडण्याची ही परंपरा पुढेही चालू राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर छंदाचे स्वरूप पालटले. विमानवाहतुकीमुळे आग्नेय आशियातील अजगराचे पिल्लू काही दिवसांत अमेरिकेतील दुकानात पोहोचू लागले, विजेच्या उष्णतेवर तापमान-नियंत्रकाचा ताबा आला, आणि १९७०नंतर बंदिस्त अवस्थेतील प्रजनन सर्वसामान्य होत गेले. बर्मी अजगर या नव्या बाजाराचा लाडका ठरला, कारण तो स्वभावाने शांत असतो, सहज वितो आणि त्याच्या पिवळ्या-पांढऱ्या रंगांच्या जाती निपजवता येतात. अंड्यातून निघालेले पिल्लू हातभर लांबीचे असते. भरपूर खायला मिळाले तर ते तीनेक वर्षांत तीन मीटरच्या पुढे जाते आणि पूर्ण वाढलेली मादी पन्नास किलोहून जड होऊ शकते. त्याचे आयुष्य वीस वर्षांहून अधिक असते. विकत घेणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे यातील हातभर पिल्लू तेवढे असते, आणि त्याला तेवढेच दाखवून साप विकणाऱ्या व्यापाराला या छंदाच्या पुढील दुर्दशेचा मोठा वाटा स्वीकारावा लागेल.

याच काळात संगोपनाचे तंत्र खरोखर सुधारले. पूर्वी बहुतेक घरांत साप माशांच्या काचपेटीत ठेवला जाई. ती पेटी पाणी सांभाळण्यासाठी बनवलेली असते, तिच्या झाकणाला आतून येणारा जोर सोसावा लागेल असा विचार तिच्या रचनेत नसतो, आणि सबंध शरीर स्नायूंचेच असलेला साप नाकाने फट शोधून झाकण सहज उचलतो. अनुभवी पालकांनी म्हणून पुढून सरकत्या काचांच्या, किल्लीने बंद होणाऱ्या पेट्या वापरायला सुरुवात केली. सापाला भाजणारे विजेचे तापते दगड मागे पडून पेटीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा देण्याची पद्धत आली. जिवंत उंदरांच्या चाव्यांनी सापांना जखमा होत असल्याने गोठवलेले भक्ष्य कोमट करून चिमट्याने देण्याचा प्रघात पडला. पेटी उघडल्यावर आकडीने सापाला हलका स्पर्श करायचा, म्हणजे आता खाणे नाही, हे त्याला कळते, अशी सवय लावली जाऊ लागली. आणि सापाची लांबी अडीच मीटरच्या आसपास गेली की दुसरी प्रौढ व्यक्ती हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा संकेत जबाबदार पालकांमध्ये रुजला. कॉप्सचे दोन साहाय्यक अशा रीतीने नियम बनून परत आले.

जेथे हे पाळले गेले नाही तेथे काय घडले याची साक्ष दोन घटना देतात. फ्लोरिडात २००९च्या जुलैमध्ये सुमारे अडीच मीटर लांबीचा, उपाशी ठेवलेला पाळीव बर्मी अजगर रात्री काचपेटीतून निसटला आणि त्याने घरातील दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. पेटीला घट्ट बसणारे झाकण नव्हते, वर रजई बांधलेली होती. कॅनडातील कॅम्बेल्टन येथे २०१३च्या ऑगस्टमध्ये एका आफ्रिकी खडकी अजगराने छतातील वायुवीजनाच्या मार्गाने शेजारच्या खोलीत उतरून झोपलेल्या दोन लहान भावांना मारले. या मुलांनी सापाला डिवचले नव्हते. त्यांच्या मृत्यूचे कारण प्रौढांनी मोकळी सोडलेली वाट हे होते, आणि ती वाट बंद करणे मुळीच कठीण नव्हते.

घराबाहेर पसरलेल्या परिणामाला तर तुलनाच नाही. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स हा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. तेथे बर्मी अजगर आढळल्याची पहिली नोंद १९७९ची आहे, आणि २०००पर्यंत तो तेथे वीण करून स्थिरावल्याचे मान्य झाले होते. १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळात एका प्रजननकेंद्राची पडझड होऊन साप सुटले हे कारण वारंवार सांगितले जाते. परंतु पहिली नोंद त्याआधीची असल्याने, पेलेनासे झालेले साप मालकांनी सोडून देणे हेही कारण त्याच्या जोडीला धरावेच लागते. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अजगर पसरण्यापूर्वीच्या नोंदींशी तुलना करून रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकूनांत ९९.३ टक्के, ऑपॉसमांत ९८.९ टक्के आणि बॉबकॅट या रानमांजरांत ८७.५ टक्के घट दाखवली. या सापांबरोबर आशियातून आलेला फुप्फुसातील एक परजीवी फ्लोरिडाच्या स्थानिक सापांनाही आता ग्रासतो आहे.

कायदे या सर्वांच्या मागून आले. ब्रिटनच्या १९७६च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याने विषारी सापांना परवाना सक्तीचा केला, पण अजगर आणि बोआ त्या यादीबाहेरच राहिले. फ्लोरिडाने २००६पासून नको झालेले विदेशी प्राणी विनादंड स्वीकारण्याचे उपक्रम सुरू केले आणि २००८पासून मोठ्या अजगरांसाठी वार्षिक परवाना व त्वचेखाली ओळखचिप बंधनकारक केली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९००च्या लेसी कायद्याखाली २०१२मध्ये बर्मी अजगरासह काही मोठ्या सापांची आयात बंद केली आणि २०१५मध्ये जाळीदार अजगर व हिरवा ॲनाकोंडा त्यांत घातले. राज्याराज्यांतील वाहतुकीवरची बंदी २०१७च्या न्यायालयीन निर्णयाने शिथिल झाली, आणि २०२१मध्ये फ्लोरिडाने असे साप प्रतिबंधित प्राण्यांच्या यादीत घातले. यातील सर्वांत उपयुक्त पाऊल म्हणून फ्लोरिडाच्या साप विनादंड स्वीकारण्याच्या व्यवस्थेचाच उल्लेख केला पाहिजे, कारण शिक्षेच्या भयात सापडलेला मालक साप रात्री कालव्याकाठी सोडतो.

भारतात या प्रश्नाची मांडणी निराळी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय अजगराला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले असल्याने तो पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग ते गारुड्याच्या पेटाऱ्यात असो वा बंगल्यातल्या काचपेटीत. महाराष्ट्रात उसाच्या फडात किंवा वस्तीत निघालेला अजगर सर्पमित्र आणि वन विभाग यांच्या मार्फत पुन्हा त्याच्या अधिवासात जातो, आणि पुण्याजवळ कात्रज येथे १९८६मध्ये सुरू झालेल्या सर्पोद्यानासारख्या संस्थांनी ही जाणीव समाजात रुजवण्याचे मोठे काम केले. हा कायदा परदेशी सापांना मात्र दीर्घकाळ लागू नव्हता. त्या पोकळीत आफ्रिकेतील बॉल पायथन, म्हणजे दीड मीटरच्या आसपास वाढणारा लहान अजगर, मुंबई-पुण्यातील हौशी घरांत येऊ लागला, आणि प्रवाशांच्या सामानात दडवलेले असे साप मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती लागत राहिले. केंद्राने २०२०मध्ये अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली, २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारातील जाती कायद्याच्या कक्षेत आणल्या, आणि २०२४च्या नियमांनी त्यांची नोंदणी, हस्तांतर, जन्म व मृत्यू कळवणे बंधनकारक केले.

एखाद्या गृहसंकुलाच्या जिन्यात आज साप निघाला तर त्याची जात ओळखणे म्हणूनच निर्णायक ठरते. भारतीय अजगराला जंगल आहे. बॉल पायथनला ते येथे नाही. त्याच्या अंगातील परजीवी येथील सापांना लागू नयेत यासाठी त्याला रानात सोडता येत नाही, परत पाठवण्याची सोय क्वचितच असते, आणि वीस-तीस वर्षांचे त्याचे उरलेले आयुष्य त्याला आणणाऱ्याच्या कुलूपबंद पेटीत किंवा एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहालयातच जावे लागते.